फळांच्या सालीचा अर्क साठवणीतल्या बुरशीवर: कुठे चालतो, कुठे उलटा पडतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की रस काढल्यावर डाळिंब, संत्री, आंबा, पपई यांच्या साली-बिया ढिगाने उरतात, त्यांच्या अर्काने बुरशी थांबते असं तुम्ही वाचलंय, तर तो अर्क साठवलेली संत्री, आंबे, कांदा, बटाटा, मका, शेंगदाणे अशा सगळ्यावर फवारायचा का, आणि फवारायचा तर कसा बनवायचा, किती घ्यायचा.

आधी सरळ उत्तर देतो, मग कारणं. ताज्या फळांवर, म्हणजे संत्री, लिंबू, आंबा, केळी, टोमॅटो, अर्क चालतो, पण काढणीनंतर पहिल्या दिवसातच दिला तर, आणि त्यातही जखमेतून शिरणाऱ्या बुरशीवर. कांदा-बटाट्यावर मी देत नाही. आणि मका, शेंगदाणे, कुठलंही कोरडं धान्य असेल तर पाण्यातला अर्क अजिबात फवारू नका, तिथे तो औषध नाही, बुरशीला दिलेलं पाणी आहे. हे शेवटचं इतक्या ठामपणे सांगतोय कारण सुरुवातीच्या काळात मी स्वतः मक्यावर हा प्रयोग केलाय आणि चांगला वाळलेला माल दहा दिवसात कुबट करून ठेवलाय. त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो.

आता बुरशी फळात शिरते कशी ते नीट समजून घ्या, कारण अर्क कधी द्यायचा ते पूर्ण यावरच ठरतं. संत्र्या-लिंबावर जी हिरवी बुरशी येते ती पेनिसिलियम डिजिटॅटम, आणि तिला शिरायला जखम लागतेच. नखाचा ओरखडा, क्रेटच्या कडेचा घासा, देठ ओढून तोडल्यावर पडलेलं भोक, एवढंसं पुरतं. तिचे बीजाणू पॅकिंगच्या जागेत हवेत, क्रेटवर, हातांवर सगळीकडे असतात, ते जखमेत पडतात, तिथला रस मिळाला की रुजतात, आणि २४-२५ अंशाच्या आसपास तापमान असेल तर दोन-तीन दिवसात मऊ पाणचट डाग दिसायला लागतो, मग पांढरा कापूस, मग हिरवी पूड. आपल्याला डाग दिसतो तेव्हा खेळ कधीच संपलेला असतो, बुरशीचे धागे आत गरात पोचलेले असतात आणि वरून लावलेला कुठलाही सालीचा अर्क तिथवर जात नाही. म्हणून जे लोक म्हणतात की अर्क लावून बघितला, काही फरक पडला नाही, त्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो की तोडणीनंतर किती तासांनी लावला. उत्तर बहुतेक वेळा तीन-चार दिवस असं येतं. माझा नियम तोडणीच्या दिवशीच, फारच झालं तर २४ तासात.

आंब्याचं, केळीचं, पपईचं प्रकरण वेगळं आहे. करपा, म्हणजे कोलेटोट्रायकम, ही बुरशी बागेतच कोवळ्या फळावर बसते, सालीत थोडीशी घुसते आणि तिथेच झोपून राहते, फळ पिकायला लागलं की जागी होते. काढणीच्या वेळी फळ एकदम स्वच्छ दिसतं आणि पिकल्यावर काळे डाग येतात ते यामुळे. या झोपलेल्या बुरशीपर्यंत वरचा अर्क पोचत नाही, तिला उष्णता लागते, आंबा ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ५ मिनिटं बुडवण्याची पद्धत त्यासाठीच आहे. ते करून फळं थंड झाल्यावर अर्क दिला तर नंतर हाताळताना पडलेल्या ओरखड्यांचं रक्षण होतं, म्हणजे अर्क तिथे दुय्यम आहे. देठकुजीचंही तसंच, ती बुरशी देठाच्या बाजूने आधीच आत असते. देठ थोडा लांब ठेवून तोडणं याला अर्कापेक्षा जास्त फायदा आहे.

आता कचरा कुठला घ्यायचा. सगळ्या साली सारख्या नाहीत, आणि इथेच लोक सर्वात जास्त गोंधळ करतात.

माझी पहिली पसंती डाळिंबाच्या सालीला, आणि दुसरा नंबर बराच मागे आहे. डाळिंबाच्या वजनात जवळपास अर्धा भाग सालीचा असतो, तिच्यात टॅनिन, म्हणजे तोंडाला तुरट लागणारं द्रव्य, खच्चून भरलेलं असतं, त्यात प्युनिकॅलॅजिन नावाचं मुख्य. हे टॅनिन प्रथिनांना घट्ट चिकटतं. बुरशी फळाची साल कुजवण्यासाठी जी एन्झाइम बाहेर सोडते ती प्रथिनंच असतात, त्यांना टॅनिन पकडतं, शिवाय बुरशीला लागणारं लोह बांधून ठेवतं आणि बीजाणूच्या पेशीच्या पापुद्र्याला इजा करतं. एका जागी नाही, तीन-चार जागी मार बसतो, त्यामुळे बुरशीला एका झटक्यात सहनशक्ती कमावणं अवघड जातं. थायाबेंडाझोल, इमॅझालिल या नेहमीच्या रसायनांना न जुमानणाऱ्या पेनिसिलियमच्या जाती आता पॅकहाऊसमध्ये सापडतात, त्या पार्श्वभूमीवर ही गोष्ट मोठी आहे. आणि अजून एक, इटलीत लिंबूवर्गीय फळांवर डाळिंबाच्या सालीचं बरंच काम झालंय त्यातून असं दिसलं की अर्क नुसती बुरशी मारत नाही, फळाच्या सालीलाही जागं करतो, फळ स्वतःची संरक्षणाची रसायनं बनवायला लागतं. ताजं फळ जिवंत असतं, श्वास घेत असतं, म्हणून हे होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, धान्याच्या वेळी परत लागेल.

संत्र्याच्या सालीबद्दल सावध करतो. तुमच्याकडे संत्र्याची साल जास्त आहे आणि रोगही संत्र्यावरच आहे, म्हणून ती साल तिथेच वापरायचा मोह होणार. नका वापरू. सालीतल्या तेलग्रंथी फुटल्या की जे लिमोनीन वगैरे वास येणारे पदार्थ बाहेर येतात, त्यांच्या थोड्या प्रमाणाने हिरव्या बुरशीचे बीजाणू उलट लवकर रुजतात, हे प्रयोगात दाखवलं गेलंय. विचार केला तर पटतं, ही बुरशी लिंबूवर्गीय फळांवरच वाढत आलीय, सालीचा वास म्हणजे तिच्यासाठी इथे जखम आहे अशी खूण. दुसऱ्या पिकांवरच्या बुरशीसाठी संत्र्याच्या सालीतले फ्लॅवोनॉइड आणि तेल काही प्रमाणात उपयोगी पडतात, पण संत्र्यावर संत्र्याची साल नको. (तेल काढून बघणार असाल तर थर्माकोलच्या भांड्यात ठेवू नका, लिमोनीन थर्माकोल विरघळवतं.)

आंब्यात साल सोडा, कोय घ्या. कच्च्या आंब्याच्या सालीत बुरशीविरोधी रिसॉर्सिनॉल असतात, कच्च्या अॅव्होकॅडोच्या सालीतही तसंच एक द्रव्य असतं, आणि फळ पिकत जातं तशी ही द्रव्यं कमी होत जातात, म्हणूनच झोपलेली बुरशी पिकतानाच उठते. पण रस काढून उरलेली साल कुठल्या आंब्याची असते, पिकलेल्या. म्हणजे जे हवं ते त्यात संपलेलं असतं आणि साखर मात्र भरपूर उरलेली असते. कोय फोडून आतला गर घेतला तर त्यात गॅलिक आम्लावर बनलेलं टॅनिन चांगलं असतं, फोडायचे कष्ट आहेत पण माल खरा आहे. आणि आंब्याच्या सालीने, चिकाने काहींच्या हाताला पुरळ उठते, हातमोजे घाला.

पपईच्या बिया ही वेगळीच गोष्ट आहे. त्यात तयार औषध नसतं, दोन वेगळे घटक असतात, एक ग्लुकोट्रोपिओलिन आणि दुसरं मायरोसिनेज नावाचं एन्झाइम. बी ठेचली आणि पाणी लागलं की दोघं भेटतात आणि बेंझिल आयसोथायोसायनेट तयार होतं, तोच मोहरीसारखा झणका. आता कोणी बिया आधी उकळल्या तर एन्झाइम मरतं आणि हाती वास नसलेलं गढूळ पाणी येतं, मी हे बऱ्याच ठिकाणी पाहिलंय, लोक सगळ्या साली-बिया एकाच पातेल्यात उकळतात. पपईच्या ताज्या बिया गार पाण्यात वाटा, अर्धा तास झाकून ठेवा, गाळा आणि त्याच दिवशी वापरा, कारण हे द्रव्य उडून जातं. डोळ्यांना झोंबतं, आणि जास्त कडक झालं तर फळाची साल भाजते, म्हणून आधी चार-पाच फळांवर बघा.

द्राक्षाचा चोथा, सफरचंदाचा चोथा, केळीची साल यातही पॉलिफेनॉल (टॅनिन ज्या गटात मोडतं ती द्रव्यं) असतात, पण सोबत साखर इतकी असते की मी त्यांच्या नादी लागत नाही.

अर्क बनवणं. डाळिंबाचं सांगतो, कोयीच्या गराला पण हेच. साल ताजी हवी, रस काढल्याच्या दिवशीच हातात घ्या. ज्या सालीवर आधीच बुरशी आलीय किंवा जे फळ कुजलंय ते अजिबात नको, कारण कुजक्या फळात बुरशीचं विष असू शकतं, सफरचंदात पॅट्युलिन, द्राक्षात ऑक्रॅटॉक्सिन, आणि ते अर्कात उतरेल. आतला पांढरा पापुद्रा राहू द्या पण चिकटलेले दाणे, रस स्वच्छ पाण्याने धुऊन काढा. हे धुणं लोकांना फालतू वाटतं पण साखर राहिली तर अर्क म्हणजे बुरशीचं जेवण होतं, दोन दिवसात त्याच्यावरच साय धरते. मग सावलीत किंवा ४०-५० अंशाच्या ड्रायरमध्ये कडकडीत वाळवा, मोडल्यावर टक् असा आवाज आला पाहिजे, आणि भुकटी करा. ही भुकटी हवाबंद डब्यात, अंधारात महिनोन्महिने राहते, अर्क मात्र राहत नाही, त्यामुळे साठवायची ती भुकटी, अर्क लागेल तेव्हा करायचा.

प्रमाण मी १ लिटर पाण्याला १०० ग्रॅम भुकटी असं धरतो. पाणी ६० अंशापर्यंत गरम, म्हणजे हात बुडवून ठेवता येत नाही पण उकळतही नाही असं, त्यात भुकटी घालून अधूनमधून ढवळत दोन-तीन तास ठेवायचं, किंवा गार पाण्यात रात्रभर. तासन्तास उकळू नका, टॅनिन तुटून एलॅजिक आम्ल होतं आणि ते पाण्यात नीट विरघळत नाही, गाळ होऊन तळाशी बसतं. भांडं स्टील किंवा प्लॅस्टिक. लोखंडी कढई, गंजका ड्रम, लोह जास्त असलेलं बोअरचं पाणी, यातलं काहीही लागलं तर अर्क काळा शाईसारखा होतो, टॅनिन लोहाला चिकटून बसलेलं असतं आणि बुरशीसाठी उरत नाही. नंतर जाड फडक्यातून दोनदा गाळा. पाण्यापेक्षा ५० ते ७० टक्के इथेनॉलने जास्त ओढून निघतं हे खरं आहे, पण मग ते अल्कोहोल उडवावं लागतं, आग लागायचा धोका असतो, आणि सोय नसेल तर त्यात पडू नये. प्रयोगशाळेत मिथेनॉल वापरतात ते वाचून कोणी खायच्या फळावर मिथेनॉलचा अर्क लावू नका, ते विष आहे.

तयार अर्क त्याच दिवशी वापरलेला सर्वात चांगला. फ्रीजमध्ये ४ अंशाला दोन-तीन दिवस चालवतो मी, त्यापुढे नाही.

लावायची पद्धत. फवारण्यापेक्षा बुडवणं बरं, कारण जखम कुठे आहे आपल्याला दिसत नसते, देठाचा खळगा फवाऱ्यात सुटतो. आधी फळं स्वच्छ धुवा. क्लोरीनचं पाणी वापरत असाल तर ते वेगळ्या टाकीत, मग साध्या पाण्याने खळखळून, मग अर्क. क्लोरीन आणि अर्क एका टाकीत कधीच नाही, दोघं एकमेकांना खातात आणि दोन्हीचा उपयोग संपतो. खायच्या सोड्याचंही तसंच, २-३ टक्के सोड्याचं पाणी हिरव्या बुरशीवर स्वतःच बरं काम करतं, पण ते अल्कलाइन आहे, त्यात टॅनिन पडलं की हवेशी पटकन संयोग होऊन तपकिरी होऊन जातं, म्हणून सोडा आधी, धुणं मधे, अर्क शेवटी. अर्कात ३ ते ५ मिनिटं बुडवा, काढा, आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, पंख्याखाली पूर्ण सुकवा. ओली फळं क्रेटमध्ये रचली तर जे कमावलं ते सगळं गेलं. तोच अर्क दिवसभर वापरू नका, प्रत्येक फळासोबत माती आणि बीजाणू त्यात उतरतात, गढूळ दिसला की फेकायचा.

डाग पडतात का, हो पडतात. डाळिंबाच्या सालीचा रंग पिवळट तपकिरी, फिकट सालीच्या फळावर तो दिसतो. लिंबू, फिकट आंबा यावर निम्म्या कडकपणाचा अर्क घेऊन आधी बघा. पॅकिंगला सफेद कापड, पेटी असेल तर तिथेही डाग लागतो.

अर्क टिकवून धरायचा असेल तर कायटोसॅन, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनवलेला पदार्थ, हा चांगला जोडीदार आहे, १ टक्का कायटोसॅन १ टक्का अॅसेटिक आम्लात विरघळवून पातळ थर देतात, साध्या पाण्यात ते विरघळत नाही. कायटोसॅन स्वतःही बुरशीला त्रास देतं आणि त्याचा पापुद्रा अर्काला सालीवर धरून ठेवतो. पण टॅनिन आणि कायटोसॅन एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात, म्हणून एकत्र करायचं तर अर्क पातळ करून थेंब थेंब ढवळत घाला, नाहीतर सरळ आधी अर्क, सुकवणं, मग कायटोसॅन. मला दुसरी पद्धत जास्त भरवशाची वाटते.

आता कांदा. कांद्यावरची काळी बुरशी अॅस्परजिलस नायजर, तिला ऊब आणि ओल हवी, ३० अंशाच्या वर तापमान आणि वरच्या पापुद्र्याखाली काही तास राहिलेला ओलावा मिळाला की ती फोफावते. कांदा अर्कात बुडवला की वरचा कोरडा पापुद्रा ओला होतो, पाणी पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि तिथून लवकर निघत नाही. मानेची सड, बोट्रायटिस, ती तर ओल्या मानेतून आत उतरते, बाहेरून लावलेल्याचा तिथे काही संबंध येत नाही. कांद्याला औषध एकच, मान पूर्ण सुकेपर्यंत वाळवणं, हवा खेळती ठेवणं आणि जाड मानेचे कांदे साठवणीत न घालणं. इथे एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. सालीतली द्रव्यं बुरशी अडवतात याचा सगळ्यात जुन्या पक्क्या पुराव्यांपैकी एक कांद्यानेच दिलाय. रंगीत सालीच्या कांद्याला स्मज नावाचा बुरशीरोग लागत नाही आणि पांढऱ्याला लागतो हे बघून अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये लिंक आणि वॉकर या शास्त्रज्ञांनी १९२९ मध्ये रंगीत पापुद्र्यातून प्रोटोकॅटेच्युइक आम्ल वेगळं काढलं, नंतर कॅटेकॉलही. म्हणजे कांद्याने स्वतःचं औषध आधीच वर गुंडाळलेलं असतं, ते पापुद्रे हाताळणीत सोलून निघू न देणं हेच आपलं काम.

बटाटाही तसाच. फ्युजेरियमची कोरडी सड जखमेतून येते हे खरं, पण बटाटा ओला करून साठवला तर जिवाणूंची मऊ सड लागते, ती बुरशीपेक्षा वेगाने ढीगच्या ढीग पाणी करते. काढल्यावर १०-१५ अंश आणि भरपूर दमट हवेत दहा-पंधरा दिवस ठेवला की बटाट्याची जखम आपोआप बुचासारखी भरते. त्या आधी शीतगृहात घालू नये. अर्काची गरज नाही.

आणि आता धान्य, ज्यासाठी मी मुळात एवढं लिहायला बसलो. मक्यात आणि शेंगदाण्यात जी हिरवट-पिवळी बुरशी येते ती अॅस्परजिलस फ्लेवस, आणि ती अफ्लाटॉक्सिन बनवते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये १ लाखाहून जास्त टर्की पक्षी अचानक मेले, कारण शोधता शोधता खाद्यातल्या ब्राझीलच्या शेंगदाण्याच्या पेंडेपर्यंत लोक पोचले, आणि तिथून हे विष जगाला कळलं. ते यकृताच्या कॅन्सरचं सिद्ध झालेलं कारण आहे, साध्या शिजवण्या-भाजण्याने पूर्ण जात नाही, आणि मुख्य म्हणजे बुरशी मेली तरी विष दाण्यात तसंच राहतं. त्यामुळे बुरशी आलेल्या शेंगदाण्यावर अर्क मारून वरची पूड गेली म्हणजे माल सुधारला असं समजणं धोक्याचं आहे, खूप धोक्याचं. तो माल दिसायला स्वच्छ होतो आणि कोणाच्या तरी पोटात जातो. बुरशी लागलेले, सुरकुतलेले, रंग बदललेले दाणे वेचून काढून टाकायचे, जनावरांनाही द्यायचे नाहीत.

धान्यातली बुरशी फक्त एका गोष्टीवर चालते, ओलावा. मक्यात १३ टक्के, सोललेल्या शेंगदाण्यात ७ टक्के, याच्या खाली असाल तर ही बुरशी वाढू शकत नाही, तुम्ही काही लावा न लावा. आता हिशोब करा. १०० किलो मका १३ टक्क्याला वाळवलेला, म्हणजे त्यात १३ किलो पाणी. त्यावर २ लिटर अर्क फवारला तर पाणी झालं १५ किलो, एकूण वजन १०२, म्हणजे ओलावा गेला १४.७ वर. आणि हे सरासरी, प्रत्यक्षात फवारा वरच्या दाण्यांवर पडतो, त्यांची साल त्याहून कितीतरी ओली असते. मी केलं होतं ते अगदी हेच. ताज्या फळावर छान निकाल मिळाला होता, त्या जोरावर पोत्यातल्या मक्यावर मारला, वरवर हवा दिली, पोती शिवली. दहाव्या दिवशी पोतं उघडलं तर कुबट वास, हात घातला तर आत गरम. अर्काने थोडी बुरशी अडवली असेलही, पण पाण्याने त्याच्या कितीतरी पट वाढवली. आणि धान्याचा कोरडा दाणा फळासारखा जागा होऊन स्वतःचं रक्षण करत नाही, म्हणजे डाळिंबाच्या सालीचा तो दुसरा फायदाही इथे मिळत नाही. त्यात भर म्हणजे अपुऱ्या मात्रेत दिलेल्या औषधाने बुरशी मरत नाही, फक्त ताणाखाली येते आणि काही वेळा त्या ताणात विष जास्त बनवते. तो सगळा मका मी टाकून दिला, खायला किंवा खाद्यात जाऊ दिला नाही.

मग धान्यात काहीच नाही का? वास देणारी तेलं हवाबंद डब्यात वाफेच्या रूपात देण्याचं काम चालतं, त्यात पाणी येत नाही हे चांगलं, पण वास धान्याला धरतो आणि बियाणं असेल तर उगवण कमी होऊ शकते, म्हणून मी अजून तो मार्ग कोणाला सांगत नाही. पेरायच्या बियाण्याला अर्काची प्रक्रिया करून लगेच परत वाळवून लगेच पेरणं हे चालतं, साठवायला नाही. बाकी ओलावामापक यंत्र घ्या. धान्यासाठी अर्काच्या भांड्यापेक्षा ते जास्त कामाचं.

तुम्ही वाचलेल्या आकड्यांबद्दल एक खुलासा. ८०-९० टक्के बुरशी थांबली असे जे निकाल येतात ते बहुतेक पेट्री डिशमधले असतात. बटाटा-डेक्स्ट्रोजच्या आगरात, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीत, अर्क मिसळतात, मधे बुरशीचा छोटा तुकडा ठेवतात, सात दिवसांनी वाढ मोजतात आणि साध्या आगरावरच्या वाढीशी तुलना करतात. तिथे बुरशी सगळीकडून अर्कात बुडालेली असते, पळायला जागा नाही. फळावर ती जखमेत असते, आजूबाजूला साखर, पाणी, आणि अर्काचा पातळ थर. तोच आकडा फळावर कधी येत नाही. शिवाय डिशमध्ये वाढ थांबली म्हणजे बुरशी मेली असंही नाही, तो तुकडा उचलून साध्या आगरावर ठेवला की बऱ्याच वेळा परत वाढायला लागते. सालीचे अर्क बहुतेक करून अडवणारे आहेत, मारणारे कमी. म्हणून थंड साठवणीसोबत ते चांगले चालतात, बुरशीचा वेग थंडीने कमी झालेला असतो आणि अर्क उरलेलं काम करतो, उघड्यावर गरम जागेत ते दोन-चार दिवस पुढे ढकलतात, एवढंच.

त्यामुळे तुमच्या जागेवर तुमच्या फळावर बघितल्याशिवाय पूर्ण मालाला देऊ नका. एकाच दिवशी, एकाच झाडांवरून तोडलेली संत्री घ्या, दीडशे तरी, आणि ५०-५० चे तीन भाग करा. एक भाग तसाच कोरडा, दुसरा नुसत्या पाण्यात बुडवून सुकवलेला, तिसरा अर्कात बुडवून सुकवलेला. मधला भाग लोक वगळतात आणि मग फरक अर्काचा की धुण्याचा हे कळत नाही, तो ठेवाच. वेगवेगळ्या क्रेटमध्ये, एकमेकांना न टेकता, एकाच खोलीत. रोज त्याच वेळी कुजलेली मोजा, लिहा आणि लगेच बाहेर काढा, कारण एका सडक्या फळातून उडालेली हिरवी पूड सगळी मोजणी बिघडवते. दोन आठवडे चालू द्या. असं निदान तीनदा, वेगवेगळ्या तोडणीच्या मालावर. पाण्याच्या भागात आणि अर्काच्या भागात तिन्ही वेळा स्पष्ट फरक आला तरच पुढे जा.

विकायचा माल असेल तर अजून दोन गोष्टी. सालीवर फवारणीचे अवशेष असतात आणि वाळवून अर्क करताना ते गोळा होतात, त्यामुळे फवारलेल्या बागेची साल असेल तर अर्काची एकदा रेसिड्यू टेस्ट करून घ्या. आणि हा अर्क स्वतःच्या मालाला लावणं वेगळं, बाटलीत भरून बुरशीनाशक म्हणून दुसऱ्याला विकणं वेगळं, त्याला जवळपास सगळ्या देशांत नोंदणी लागते.

सुरुवात डाळिंबाची साल आणि संत्री या जोडीने करा, धुण्याची आणि सुकवण्याची सोय आधी लावा, अर्क नंतर. पपईच्या बियांचा नंबर त्यानंतर, केळीवर. मोजणीचे आकडे आले की दिवसवार इथे टाका, कुठल्या दिवशी किती फळं गेली आणि सड देठाकडून सुरू झाली की अंगावरून हेही लिहा, त्यावरून बुरशी कुठली आहे आणि अर्काने तिला पकडता येईल का ते सांगता येईल.